‘टेन’ पुन्हा ऐकताना : तरुणपणीच्या ग्रंज अल्बमकडे वळणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

पर्ल जॅम या सिअ‍ॅटलच्या ग्रंज (जड, खरखरीत गिटारींचे रॉक) वाजवणाऱ्या बँडचा ‘टेन’ हा पहिला अल्बम २७ ऑगस्ट १९९१ रोजी अमेरिकेत बाजारात आला. त्याच वर्षी भारतात स्टार टीव्हीच्या वाहिन्या केबलवाल्यांच्या तारांवरून घरोघरी पोचू लागल्या, आणि त्यांच्यासोबत आलेल्या एमटीव्हीमुळे, ज्या घरांत तोवर आकाशवाणी आणि हिंदी-मराठी कॅसेटच वाजत होत्या, त्या घरांतल्या मुलांनाही सिअ‍ॅटलचा हा भरदार, दुखावलेला आवाज ऐकू येऊ लागला. त्या वेळी कॉलेजात असलेली पिढी आज पन्नाशीच्या पुढेमागे आहे. कधीतरी एखाद्या रिकाम्या संध्याकाळी त्यांच्यापैकी कुणाला तो अल्बम आठवतो, मोबाइलवर नाव टाकले जाते, पहिले दिसेल ते गाणे लावले जाते, आणि काहीतरी चुकल्यासारखे वाटून ते अर्ध्यावर बंद केले जाते.

या हिरमोडाला बहुतेक वेळा आपले वय जबाबदार नसते. ‘टेन’ आज एकाच रूपात उपलब्ध नाही. १९९१ चे मूळ मिक्सिंग (वेगवेगळे ध्वनिमुद्रित केलेले आवाज आणि वाद्ये एकत्र जुळवणे) आहे, २००९ चे संपूर्ण नवे मिक्सिंग आहे, निवडक गाण्यांच्या संग्रहासाठी २००४ साली वेगळी मिक्स केलेली काही गाणी आहेत, आणि ज्यांच्यामुळे आपल्यापैकी अनेकांना हा बँड कळला त्या टीव्हीवरच्या व्हिडिओंचे ध्वनिमुद्रणही अल्बमहून निराळे आहे. यांतले काय आधी ऐकावे, कशावर ऐकावे आणि शब्दांकडे केव्हा वळावे, याचा क्रम मी या सगळ्यातून गेल्यावर बसवला आहे, तो इथे देत आहे. हा अल्बम सलग आणि पूर्ण ऐकण्याच्या योग्यतेचा आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांनी तो तरुणपणी तसा ऐकलेलाच नाही, असे माझे ठाम मत आहे. त्याचे कारण पहिल्याच पायरीत येईल.

लागणारे साहित्य

- अल्बमची एक प्रत : सीडी, एलपी, जुनी कॅसेट किंवा गाण्यांच्या अ‍ॅपचे वर्गणीचे खाते. जाहिराती मध्ये येणारे फुकट खाते या कामासाठी उपयोगाचे नाही.
- कान पूर्ण झाकणारे, शक्यतो तारेचे हेडफोन. किंवा समोरासमोर मांडता येतील असे दोन स्पीकर. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर बास गिटार जवळजवळ नाहीसे होते आणि या अल्बमचा निम्मा प्राण त्या बासमध्ये आहे.
- गाण्यांचे शब्द, शक्यतो कागदावर छापलेले.
- कॅसेटवर ऐकणार असाल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या आणि सहा कडांची साधी पेन्सिल.
- कुणी हाक मारणार नाही असा एक तास. अल्बमची लांबी सुमारे ५३ मिनिटे आहे.

१. आपण पूर्वी नेमके काय ऐकले होते, ते आधी शोधा

ज्यांना मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउससारख्या दुकानातून विकतची कॅसेट घेणे परवडत होते, त्यांचा प्रश्न सोपा आहे. त्यांनी पूर्ण अल्बम ऐकला आहे. पण आपल्यापैकी पुष्कळांनी तो मित्राच्या कॅसेटवरून कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतला होता, आणि तिथे थोडा हिशेब करावा लागतो.

कोऱ्या कॅसेट मुख्यतः ६० किंवा ९० मिनिटांच्या मिळत. ६० मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला ३० मिनिटे बसतात. ‘टेन’ची पहिली सहा गाणी, म्हणजे ‘वन्स’पासून ‘जेरेमी’पर्यंत, २९ मिनिटांच्या आत संपतात आणि उरलेली पाच दुसऱ्या बाजूला आरामात मावतात. तुमची कॅसेट ६० ची असेल, तर तुम्ही नशीबवान आहात. पण काटकसरीचा सर्वमान्य मार्ग होता तो ९० ची कॅसेट घेऊन एका बाजूला एक अल्बम आणि दुसऱ्या बाजूला दुसरा उतरवण्याचा. ४५ मिनिटांच्या बाजूवर ५३ मिनिटांचा अल्बम मावत नाही. दहावे गाणे ‘डीप’ संपते तेव्हा ४४ मिनिटे उलटून गेलेली असतात. त्यानंतर ‘रिलीज’ सुरू होते, गायकाचा आवाज लागतो न लागतो तोच खट् करून बटण वर येते. ज्यांच्याकडे अशी कॅसेट होती, त्यांच्या आठवणीतल्या ‘टेन’ला शेवटच नाही. ‘रिलीज’ हे अल्बममधले सर्वांत खोल गाणे आहे असे मी मानतो, आणि एका पिढीतल्या कितीतरी श्रोत्यांपर्यंत ते केवळ फितीच्या लांबीमुळे पोचले नाही.

तिसरा गट टीव्हीवाल्यांचा. ‘अलाइव्ह’चा व्हिडिओ प्रत्यक्ष कार्यक्रमात चित्रित केलेला असून त्याचा आवाजही त्या कार्यक्रमातलाच आहे. ‘इव्हन फ्लो’ एकेरी गाणे (सिंगल) म्हणून काढताना बँडने ते १९९२ साली नव्या ड्रमवादकासह पुन्हा ध्वनिमुद्रित केले आणि व्हिडिओत ते नवे रूप आहे. त्यामुळे अल्बममधली ही दोन गाणी ऐकताना ‘हे असे नव्हते’ असे वाटले, तर तुमची स्मरणशक्ती शाबूत आहे असे समजा.

२. जुनी कॅसेट सापडली, तर ती लगेच लावू नका

ज्यांना कॅसेटशी कर्तव्य नाही, त्यांनी थेट तिसऱ्या पायरीवर जावे.

कॅसेट उजेडात धरून तिच्या खिडकीतून आतल्या गुंडाळीच्या कडा पाहा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कॅसेटींवर पांढरट, भुकटीसारखी बुरशी धरते. तशी ती दिसली, तर कॅसेट अजिबात वाजवू नका. बुरशी डेकच्या, म्हणजे टेपरेकॉर्डरच्या, फीत वाचणाऱ्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटमध्ये जाते. अशी कॅसेट जुन्या फिती स्वच्छ करून संगणकावर उतरवून देणाऱ्या माणसाकडेच सोपवावी.

बुरशी नसेल तर कॅसेटच्या उघड्या तोंडाशी, बरोबर मध्यभागी पाहा. तिथे तांब्याच्या रंगाच्या पातळ पट्टीवर बोटाच्या नखाहून लहान असा लोकरी गादीचा तुकडा चिकटवलेला असतो. फीत हेडवर दाबून धरणे हे त्याचे काम. त्याचा डिंक वाळून तो पडला असेल, तर आवाज बसलेला, अधूनमधून बुडणारा येतो आणि आपण उगाच टेपरेकॉर्डरला दोष देत बसतो. गादी जागेवर असेल तर पेन्सिल घालून रीळ हाताने थोडे फिरवून पाहा. ते सहज फिरले, तर कॅसेट न वाजवता एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे न्या, म्हणजे एकमेकांना चिकटलेले थर सुटतील. हेड आणि रबरी चाक यांवर अल्कोहोलची काडी फिरवून ते वाळू द्या. कॅसेटवर डॉल्बीची (फितीची खरखर कमी करणाऱ्या यंत्रणेची) खूण असेल तर डेकचे तेच बटण चालू करा; खूण नसताना ते चालू ठेवल्यास वरचे सूर दबून जातात.

बरीच वर्षे बंद असलेल्या डेकमधले रबरी पट्टे सैल किंवा चिकट झालेले असतात. आधी एखादी टाकाऊ कॅसेट घालून डेक फीत गिळत नाही ना, याची खात्री करून घ्या. आणि मित्राच्या हस्ताक्षरातली ती एकमेव प्रत असेल, तर पहिल्याच वाजवण्याबरोबर ती संगणकावर उतरवून ठेवा. त्यासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे.

३. आवृत्ती निवडा : सुरुवात १९९१ च्या मूळ मिक्सिंगपासूनच करा

अल्बमचे ध्वनिमुद्रण मार्च-एप्रिल १९९१ मध्ये सिअ‍ॅटलजवळच्या लंडन ब्रिज स्टुडिओत झाले. हा स्टुडिओ रिक आणि राज पराशर या भावांनी १९८० च्या दशकात उभारला होता आणि बँडबरोबर अल्बमची निर्मिती रिक पराशर यांनी केली. काही गाण्यांतला पियानो आणि ऑर्गनही त्यांचाच आहे. नंतर जूनमध्ये इंग्लंडमधल्या सरे परगण्यातील रिज फार्म स्टुडिओत टिम पामर यांनी मिक्सिंग केले. या मिक्सिंगची ओळख म्हणजे त्यातला घुमारा. देवळाच्या रिकाम्या सभामंडपात दिलेली हाक जशी आपल्याभोवती फिरत राहते, तसा गायक एडी व्हेडरचा आवाज या अल्बमभर मोठ्या जागेत फिरत राहतो.

बँडला स्वतःला हा घुमारा पुढे खटकू लागला. २४ मार्च २००९ रोजी अल्बमची नवी आवृत्ती निघाली, तिच्यात ब्रेंडन ओब्रायन यांनी मूळ ध्वनिमुद्रणावरून पुन्हा केलेले मिक्सिंग ‘टेन रिडक्स’ या नावाने आहे आणि मूळ मिक्सिंगही सोबत आहे. ओब्रायन हे बँडच्या दुसऱ्या अल्बमपासूनचे निर्माते. लोकांच्या मनात बसलेल्या आवाजाला हात लावायला ते बरीच वर्षे तयार नव्हते. त्यांचे काम उत्तम आहे, पण ते नंतर ऐकायचे आहे.

इथे तीन ठिकाणी फसगत होते. अ‍ॅपवर शोध घेतला की नवे मिक्सिंग असलेली विस्तारित आवृत्ती पुष्कळदा आधी समोर येते. गाण्याच्या नावापुढे ओब्रायन यांचे नाव किंवा रिमिक्सचा उल्लेख दिसला तर ते मूळ नव्हे. दुसरे, २००४ च्या ‘रिअरव्ह्यूमिरर’ या संग्रहात ‘वन्स’, ‘अलाइव्ह’ आणि ‘ब्लॅक’ ही गाणी ओब्रायन यांनी वेगळी मिक्स केलेली आहेत, म्हणून तो संग्रह लावून ‘टेन’ ऐकल्याचे समाधान मानू नका. तिसरे, कार्यक्रमांतील ध्वनिमुद्रणे. या बँडने आपले शेकडो कार्यक्रम अधिकृतपणे प्रसिद्ध केले आहेत आणि त्यांतली तीच गाणी शोधात सरमिसळ होऊन येतात.

जुनी सीडी कुणाकडे मिळत असेल तर ती घ्या. तिच्यात निवड करण्याचा प्रश्नच येत नाही.

४. अ‍ॅपमधल्या चार गोष्टी बंद करा

गाणी उलटसुलट क्रमाने लावणारे शफल, एक गाणे दुसऱ्यात विरघळवणारे क्रॉसफेड, अल्बम संपल्यावर आपोआप दुसरेच काही वाजवणारी सोय आणि बास वाढवणारा इक्वलायझर या त्या चार गोष्टी. यांतले क्रॉसफेड सर्वांत घातक आहे, कारण या अल्बमच्या दोन्ही टोकांना जे काही शांतपणे घडते, त्यावर ते बोळा फिरवते. ध्वनीचा दर्जा ठरवण्याची जागा सेटिंगमध्ये सापडली तर तिथला सर्वांत वरचा पर्याय निवडा.

आवाजाची पातळी मध्यम ठेवा. आठवड्याला ४० तासांपर्यंत ८० डेसिबल ही सुरक्षिततेची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सुचवली आहे, आणि पन्नाशीतल्या कानांनी ती पाळलेली बरी.

५. पहिली बैठक : सलग, शब्दांविना

पहिल्या वेळी शब्द समोर ठेवू नका आणि कोणतेही गाणे वगळू नका, विशेषतः ज्यांचा पूर्वी कंटाळा येत असे ती.

अल्बम ‘वन्स’ने सुरू होत नाही. आधी ‘मास्टर/स्लेव्ह’ नावाचा वाद्यांचा एक अंधुक तुकडा आहे, ज्यात जेफ अमेंटचे पडदे नसलेले बास गिटार हळूहळू सरकत राहते. यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक नाही. तो पहिल्या गाण्यातच मिसळलेला आहे. हाच तुकडा अल्बमच्या शेवटी पुन्हा येतो. ‘रिलीज’ची लांबी नऊ मिनिटांहून थोडी अधिक दिसते ती यामुळेच. गाणे थांबल्यावर काही क्षण शांतता असते आणि त्यानंतर तो तुकडा परततो. शांतता आली की बंद करायचे, ही चूक नवे श्रोते हमखास करतात.

वाटेत पुढील गोष्टींकडे लक्ष असू द्या. ‘अलाइव्ह’च्या शेवटचे गिटारवादक माइक मॅक्रेडीचे लांबलचक वादन किस या बँडच्या एस फ्रेलीवरून बेतलेले आहे, आणि फ्रेलीनेही ते डोअर्सच्या रॉबी क्रीगरकडून उचलले होते. म्हणूनच ‘हे ग्रंज आहे की सत्तरच्या दशकातले रॉक?’ हा वाद ‘टेन’बद्दल नेहमी होतो; मला विचाराल तर दोन्ही आहे, आणि त्यातच त्याचे बळ आहे. ‘जेरेमी’च्या सुरुवातीला जो घंटांसारखा किणकिणणारा आवाज येतो, तो बारा तारांच्या बास गिटारचा आहे, त्याच गाण्यात चेलोही आहे आणि हेडफोनवर तो स्पष्ट ऐकू येतो. ‘ओशन्स’मध्ये तालवाद्य म्हणून मिरपुडीची डबी आणि आग विझवण्याचे नळकांडे वापरले आहे. मिक्सिंगच्या वेळी जवळपास जे सापडले, ते टिम पामर यांनी वाजवले.

ड्रम वाजवणारा डेव्ह क्रुसेन ध्वनिमुद्रणानंतर लगेचच बँडबाहेर पडला, त्यामुळे व्हिडिओंनी त्याची ओळख आपल्याला करून दिली नाही. ‘पोर्च’ आणि ‘व्हाय गो’ ऐकताना त्याच्या हाताकडे मुद्दाम कान द्या.

गाजलेली गाणी बहुतेक पहिल्या सहांत आहेत, तरी पुन्हा ऐकताना मोठा लाभ होतो तो उत्तरार्धात. ‘ओशन्स’, ‘गार्डन’ आणि ‘रिलीज’ ही विशीत संथ वाटणारी गाणी आता सर्वांत जास्त वेळ मनात रेंगाळतात.

६. दुसरी बैठक : शब्द समोर ठेवून

ही पायरी घाईने उरकू नये. व्हेडरचे उच्चार असे आहेत की इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही कित्येक ओळी लागत नाहीत, त्यामुळे आपण त्या वेळी सुराबरोबर काहीही पुटपुटत होतो यात नवल नाही. शब्द मिळवताना बँडचे अधिकृत संकेतस्थळ पाहावे. इतरत्र ऐकीव शब्दांची भर पडलेली असते.

वाचण्याआधी थोडी पार्श्वभूमी हवी. पर्ल जॅमचा दुसरा गिटारवादक स्टोन गॉसार्ड आणि बासवादक जेफ अमेंट हे आधी मदर लव्ह बोन या बँडमध्ये होते. त्या बँडचा गायक अँड्र्यू वुड मार्च १९९० मध्ये हेरॉइनच्या अतिसेवनाने वारला. गॉसार्डने मॅक्रेडीला सोबत घेऊन बिनशब्दांच्या काही चाली ध्वनिमुद्रित केल्या आणि त्यांची कॅसेट जॅक आयर्न्स या ड्रमवादकामार्फत सॅन डिएगोत पेट्रोल पंपावर रात्रपाळी करणाऱ्या एडी व्हेडरकडे पोचली. तो लाटांवर सर्फिंग करून आला, त्याने तीन चालींवर शब्द रचून गायले आणि कॅसेट परत पाठवली. त्या तीन गाण्यांची मिळून एक कथा होते : ‘अलाइव्ह’, ‘वन्स’ आणि ‘फुटस्टेप्स’.

‘अलाइव्ह’मध्ये एका मुलाला आई सांगते की ज्याला तू बाप समजत होतास तो तुझा बाप नाही आणि खरा बाप मरून गेला आहे. इथवरचे व्हेडरच्या स्वतःच्या आयुष्यातले आहे. पुढचे कल्पित आहे आणि ते अधिकच अंधारे होत जाते. ‘वन्स’मध्ये तोच मुलगा खुनी झालेला आहे आणि ‘फुटस्टेप्स’मध्ये तो मृत्युदंडाची वाट पाहत कोठडीत आहे. अल्बममध्ये ‘वन्स’ पहिले आणि ‘अलाइव्ह’ तिसरे आल्यामुळे ही कथा कळत नाही, शिवाय ‘फुटस्टेप्स’ अल्बमवर नाहीच. ते ‘जेरेमी’च्या एकेरी तबकडीच्या दुसऱ्या बाजूला आले आणि पुढे २००३ च्या ‘लॉस्ट डॉग्ज’ या संग्रहात समाविष्ट झाले. ही तीन गाणी कथेच्या क्रमाने एकदा ऐका. मुठी आवळून, विजयाचे गाणे म्हणून आपण ‘अलाइव्ह’ गात आलो. व्हेडरच्या लेखी मात्र जिवंत असणे हा त्या मुलाच्या डोक्यावरचा शाप होता. श्रोत्यांनी हजारोंच्या संख्येने ते आनंदाने गाऊन तो शाप उठवला, अशा आशयाचे त्याने पुढे सांगितले आहे. तेव्हा आपले गाणे चुकीचे नव्हते, पण मूळ अर्थ कळल्यावर ते जड होते एवढे खरे.

‘जेरेमी’विषयीचा गैरसमज मात्र दूर व्हायलाच हवा. जानेवारी १९९१ मध्ये टेक्सासमधल्या एका शाळकरी मुलाने वर्गासमोर स्वतःवर गोळी झाडून घेतली. वर्तमानपत्रातली ती छोटी बातमी वाचून आणि स्वतःच्या शाळेतल्या एका मुलाची आठवण त्यात मिसळून व्हेडरने हे गाणे लिहिले. मार्क पेलिंग्टन यांनी केलेल्या व्हिडिओतले पिस्तुलाचे दृश्य एमटीव्हीवर दाखवण्यासाठी कापावे लागले, त्यामुळे शेवटी रक्ताचे शिंतोडे उडालेली, थिजलेली मुले तेवढी दिसत आणि त्याने वर्गमित्रांना मारले असे पाहणाऱ्यांना वाटे. आपल्याकडेही अनेकांनी तेच गृहीत धरले होते. १९९३ च्या एमटीव्ही पुरस्कारांत वर्षातील सर्वोत्कृष्ट व्हिडिओचा मान त्याला मिळाला, तरी त्यानंतर १९९८ पर्यंत बँडने व्हिडिओ केले नाहीत. न कापलेले रूप २०२० साली अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. आज मुलांचे आईबाप म्हणून हे गाणे ऐकताना त्यातले घरचे दुर्लक्ष अंगावर येते. विशीत आपले लक्ष फक्त वर्गातल्या त्या मुलाकडे होते. आत्महत्येच्या विषयाने ज्यांना त्रास होऊ शकतो, त्यांनी हे गाणे एकट्याने ऐकू नये, आणि गरज भासल्यास टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोलावे.

‘इव्हन फ्लो’ पदपथावर झोपणाऱ्या बेघर माणसाचे आहे, ‘व्हाय गो’ आईनेच मनोरुग्णालयात ठेवलेल्या मुलीचे. ‘ब्लॅक’ हे तुटलेल्या नात्याचे गाणे एकेरी म्हणून काढण्याचा रेकॉर्ड कंपनीचा आग्रह बँडने मोडून काढला, कारण ते इतके खासगी होते की त्याचा व्हिडिओ करून विकणे त्यांना मान्य नव्हते. आणि ‘रिलीज’ थेट त्या, वडील म्हणून कधी न कळलेल्या, वडिलांना उद्देशून आहे. ‘अलाइव्ह’मध्ये जी जखम गोष्टीच्या आडून दाखवली, ती इथे उघडी आहे. ९० च्या कॅसेटवाल्यांनी हे गाणे शब्दांसह, शांतपणे, स्वतंत्र बसून ऐकावे.

७. आता ‘टेन रिडक्स’

मूळ मिक्सिंग कानात बसल्यावरच, शक्य तर काही दिवसांनी, याकडे वळावे. तुलना करताना एक पथ्य काटेकोरपणे पाळा : दोन्हींच्या आवाजाची पातळी सारखी करा. नवी आवृत्ती मुळातच मोठ्या आवाजात तयार केलेली आहे, आणि मोठ्याने वाजणारी गोष्ट कानाला आपोआप चांगली वाटते.

सगळी अकरा गाणी एका दमात तोलू नयेत. ‘इव्हन फ्लो’, ‘पोर्च’ आणि ‘रिलीज’ ही तीनच घ्या आणि प्रत्येकाचे पहिले दीड मिनिट आलटून पालटून ऐका. नव्यात घुमारा बराच उतरवला आहे, ड्रम जवळ आले आहेत, दोन गिटारी वेगवेगळ्या उमगतात आणि व्हेडर समोरच्या खुर्चीत बसून गातो आहे असे वाटते. ‘इव्हन फ्लो’ आणि ‘पोर्च’ यांना त्याचा निश्चित फायदा झाला आहे असे मला वाटते. ‘रिलीज’ आणि ‘ओशन्स’च्या बाबतीत मी मूळ रूपाच्या बाजूने आहे, कारण त्या गाण्यांतले अंतर हे रचनेचाच भाग आहे आणि ते काढल्यावर काहीतरी कमी होते. तुमचा कौल वेगळा पडू शकतो.

८. माळ्यावरची गिटार काढणार असाल, तर

जुन्या तारा आधी बदला. गंजलेल्या तारा सूर धरत नाहीत आणि बोटेही कापतात. ‘अलाइव्ह’ तारांच्या नेहमीच्या लावणीत (ट्युनिंगमध्ये) वाजते. ‘इव्हन फ्लो’ मात्र नेहमीच्या लावणीत कितीही घासले तरी बसत नाही, कारण गॉसार्ड ते ओपन डी लावणीत वाजवतो. जाड तारेपासून बारीक तारेकडे डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी असे सूर लावा. यात कोणतीही तार नेहमीपेक्षा जास्त ताणावी लागत नाही, त्यामुळे तुटण्याची भीती नाही.

९. इथून पुढे काय ऐकावे

१९९२ च्या मार्चमधला, विजेच्या गिटारींविना सादर होणाऱ्या एमटीव्ही अनप्लग्डचा कार्यक्रम ‘टेन’च्या गाण्यांचा सर्वांत चांगला सोबती आहे, ‘ब्लॅक’ समजून घ्यायचे तर ते तिथे. ऑक्टोबर १९९३ मध्ये आलेला दुसरा अल्बम ‘व्हर्सस’ त्यानंतर घ्यावा, म्हणजे ओब्रायन यांचा कोरडा, जवळचा आवाज कुठून आला ते कळेल.

पण त्याही आधी ‘टेम्पल ऑफ द डॉग’ ऐका. सिअ‍ॅटलच्याच साउंडगार्डन या बँडचा गायक क्रिस कॉर्नेल याने अँड्र्यू वुडच्या स्मृतीसाठी हा अल्बम रचला. तो त्याच लंडन ब्रिज स्टुडिओत, रिक पराशर यांच्याच सहभागाने, ‘टेन’च्या काही महिने आधी ध्वनिमुद्रित झाला, आणि गॉसार्ड, अमेंट, मॅक्रेडी हे तिघेही त्यात आहेत. ‘हंगर स्ट्राइक’मध्ये कॉर्नेलसोबत नुकताच सिअ‍ॅटलला आलेला व्हेडर गातो. त्या अल्बममधले ‘टाइम्स ऑफ ट्रबल’ लावा आणि लगेच त्यामागून ‘फुटस्टेप्स’. दोन्हींची चाल एकच आहे, गॉसार्डची. तिच्यावर कॉर्नेलने व्यसनात बुडणाऱ्या माणसाला धीर देणारे शब्द लिहिले, आणि व्हेडरने त्याच चालीवर फाशीच्या कोठडीतला माणूस उभा केला.